विश्रामभाऊ, त्या दुपारचं ‘आज नको’

विश्रामभाऊ,

तुमचं तेरावं होऊन पाच दिवस झाले. काल दुपारपर्यंत एक गोष्ट मी एकटीच घेऊन फिरत होते.

लोक भेटायला येतात. मिरजोळ्याच्या आपल्या शेडवर आजूबाजूचे कारखानदार येऊन गेले, बर्फाच्या फॅक्टरीतले तुमचे जुने सोबती आले. सगळे एकच म्हणतात, “मरण चांगलं आलं. आदल्या दिवसापर्यंत काम करत होता माणूस.” मी मान हलवते, चहा सांगते. आदल्या दिवसापर्यंत तुम्ही काम करत होतात हे खरंच आहे. पण त्या दिवशी तुम्हाला काम करायचं नव्हतं. तुम्ही तसं मला म्हणाला होतात आणि मी ऐकलं नाही.

तुमच्याबद्दल लिहा, असं मला बर्फवाल्यांच्या मंडळाने सांगितलं. फलकावर लावायला चार ओळी हव्यात. त्या चार ओळी मी तीनदा लिहून फाडल्या. जन्म, शिक्षण, धंदा, पश्चात पत्नी, एक मुलगा. यातल्या कुठल्या ओळीत तुम्ही आहात ते मला दिसेना. म्हणून हे तुम्हालाच लिहिते.

पहिली भेट आठवते तुम्हाला? मी तेव्हा एका पतसंस्थेत संगणकांचं काम बघायची. सगळ्या शाखांचा कारभार ज्या मोठ्या संगणकांवर चालायचा ते एका कपाटाएवढ्या खोलीत बसवलेले. एप्रिलमध्ये त्या खोलीचा एसी बंद पडला. दुरुस्तीवाला कोल्हापूरहून यायचा होता. मी दार उघडं ठेवलं, दोन टेबलफॅन लावले, आणि तरी सर्व्हरवर हात टेकवला की तव्यासारखा चटका बसत होता. साहेब दर पाच मिनिटांनी विचारत होते, “कधी सुरू होणार?” कोणीतरी म्हणालं, बर्फाच्या फॅक्टरीतला एक माणूस चाकावरचा एसी भाड्याने देतो.

तुम्ही टेम्पोतून उतरलात. मागोमाग ते यंत्र उतरलं: कमरेएवढं उंच, पांढरं, खाली चाकं, आणि पाठीमागून निघालेला जाड, घड्याघड्यांचा पाइप. आमचा शिपाई ओरडला, “हत्ती आणला रे, हत्ती!” ते नाव मग सगळ्या रत्नागिरीत झालं.

आत आल्या आल्या तुम्ही माझे दोन्ही पंखे बंद केलेत. मी चिडले.

“हे गरम हवेलाच फिरवून आणतायत,” तुम्ही म्हणालात. “मॅडम, यातलं काय जिवंत राहायला हवं ते सांगा. बाकीचं बंद करून टाका.”

दोन तासांत मला कोणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी दोन यंत्रांकडे बोट दाखवलं आणि बाकीची सात बंद केली. तुम्ही पुठ्ठा कापून झरोक्यात बसवलात, त्यातून सोंड बाहेर काढलीत, चिकटपट्टी लावलीत. थंड हवेचा पहिला झोत आला तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. पण तुम्ही तिथे थांबलाच नाहीत. तुम्ही इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेलात. मी मागून आले, तर तुम्ही मान वर करून झरोक्याकडे बघत होतात. सोंडेतून निघणारी गरम हवा समोरच्या घराच्या खिडकीत जात होती आणि त्या खिडकीत एक म्हातारे गृहस्थ खाटेवर पडले होते. तुम्ही टेम्पोतून पाइपचा आणखी तुकडा आणलात आणि सोंड वरच्या बाजूला, कौलांवरून वळवलीत.

“थंडी कोणी तयार करत नाय, मॅडम,” शिडीवरून तुम्ही म्हणालात. “इथली गरमी उचलायची आणि दुसरीकडे नेऊन टाकायची, एवढंच आपलं काम. मग ती कोणाच्या अंगावर जाते ते बघायला नको?”

वर्षभराने मी नोकरी सोडून तुमच्याकडे आले तेव्हा आमच्या घरात आठ दिवस कोणी नीट बोललं नाही. पतसंस्थेची कायमची नोकरी सोडून मिरकरवाड्यात राहणाऱ्या एका मेकॅनिकच्या शेडमध्ये फोन घ्यायला बसणार म्हणे! मी लांज्याकडची. आमच्याकडे भात, काजू, फार तर शाळामास्तर. समुद्राशी आमचा संबंध बाजारातल्या टोपलीपुरता. तुमचे वडील ट्रॉलरवर तांडेल, होडीवरच्या सगळ्यांचे म्होरके. आणि तुम्हाला मात्र समुद्र लागायचा. “पहिल्याच फेरीत इतका ओकलो की बापाने परत आल्यावर थेट बर्फाच्या फॅक्टरीत नेऊन उभा केला,” हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचात. तिथे कॉम्प्रेसरच्या आवाजात तुम्ही मोठे झालात. मलाही तुम्ही तो आवाज ऐकायला शिकवलंत. डोळे मिटून उभी करायचात आणि विचारायचात, “काय म्हणतो?” सुरुवातीला मला सगळे आवाज सारखे वाटायचे. आता यंत्र शेडच्या दारात आलं की आत बसून कळतं, कुठला बेअरिंग जाणार आहे ते.

एका हत्तीचे आपण तीन केले. कुठल्या बँकेचा सर्व्हर तापला, कुठल्या लॅबचा एसी बंद पडला, छापखान्यातलं यंत्र गरम होऊन थांबलं, की आपला फोन वाजायचा. आपल्या खाऱ्या हवेत यंत्रांच्या मागच्या जाळ्या दोन वर्षांत गंजून जातात. तुम्ही त्या गोड्या पाण्याने धुवायचात, हळुवारपणे, कोणाचे तरी केस धुवावेत तशा. आणि दमट दिवसांत अर्ध्या-अर्ध्या तासाने यंत्राखालची पाण्याची बादली भरायची, तीही तुम्ही कधी मोरीत ओतली नाहीत. गिऱ्हाइकाच्या दारात कुंडी असेल तर तिला घालायचात.

आपलं भांडण व्हायचं ते तुमच्या याच स्वभावावरून. ज्याच्याकडे जाल त्याला तुम्ही फिल्टर कसा धुवायचा, एसी बंद पडण्याआधी कसा कुरकुरतो, सगळं शिकवून यायचात. मी म्हणायची, “भाऊ, सगळे शहाणे झाले तर आपल्याला बोलावणार कोण?” तुम्ही म्हणायचात, “मग बरंच की. घरी झोपेन.” कधी झोपलात मात्र नाहीत.

आणि ते मोठं भांडण. तीन वर्षं झाली त्याला.

एका मासळी निर्यातीच्या कंपनीशी आपला करार होता, त्यांच्या तपासणीच्या लॅबसाठी एक हत्ती कायम राखून ठेवायचा. त्या दिवशी नीलिमा आली, पत्र्याच्या गाळ्यात ऑनलाइन फॉर्म भरून देते ती. कॉलेजप्रवेशाचा शेवटचा दिवस, बाहेर पोरं आणि आईबाप रांगेत, आणि पत्र्याखाली तिचे दोन्ही संगणक तापून आपोआप बंद पडत होते. मी बाहेर गेले होते. तुम्ही राखलेला हत्ती उचलून तिला दिलात. दोन तासांनी कंपनीचा फोन आला. आपल्याकडे यंत्र नव्हतं. तो करार गेला.

मी शेडमध्ये सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले. आपला मदतनीस संतोष तिथेच पान्हा हातात घेऊन उभा होता.

“पोरांचे फॉर्म होते गो,” तुम्ही म्हणालात. “आजचा दिवस गेला असता तर वर्ष गेलं असतं.”

“आणि त्यांना दिलेला शब्द? उद्या कुठलं हॉस्पिटल आपल्यावर विसंबून राहिलं आणि आपण असंच केलं तर?”

तुम्ही गप्प झालात. तुम्ही गप्प झालात की मला वाटायचं मी जिंकले. दुसऱ्या दिवशी मी शेडमधल्या फळ्यावर खडूने लिहिलं: ‘कराराचा फोन आधी. कारण चालणार नाही.’ तुम्ही ते वाचलंत, खडू हातात घेतलात. मला वाटलं, खाली काहीतरी लिहाल. तुम्ही खडू परत जागेवर ठेवलात आणि कामाला लागलात. त्यानंतर तुम्ही तो नियम एकदाही मोडला नाहीत. मला किती वेळा म्हणावंसं वाटलं, की भाऊ, त्या दिवशी तुमचंही चुकलं नव्हतं. राहून गेलं. नीलिमा तुमच्या बाराव्याला आली होती. कोपऱ्यात बसून राहिली आणि तशीच गेली.

आता ती दुपार.

मे महिन्याचा शेवट. संतोष एक हत्ती घेऊन चिपळूणला गेलेला. दुसऱ्याची जाळी काढून ठेवलेली. तिसरा शेडमध्ये उभा. तुम्ही घरी जेवून आलात आणि नेहमीसारखे कामाला न लागता दारातल्या बाकावर बसलात. डाव्या हाताचा दंड चोळत होतात. मी हिशेबाच्या वहीतून मान वर केली नाही. तेवढ्यात फोन वाजला. आंब्याच्या कॅनिंगचा कारखाना. ज्या खोलीतल्या संगणकांवरून त्यांची रसाची यंत्रं चालतात तिथला एसी बंद पडला होता. खोली तापत होती, संगणक थांबले तर रस अर्धवट शिजलेला राहणार, आणि बाहेर आंब्यांचे ट्रक उभे. करारातलं गिऱ्हाईक. मी म्हटलं, “तासाभरात पोचतो.”

फोन ठेवून मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही लगेच उठला नाहीत.

“अपर्णा, आज नको गो,” तुम्ही म्हणालात. “आज काय बरं वाटत नाय. संतोषला बोलव ना.”

बारा वर्षांत पहिल्यांदा म्हणालात. पहिल्यांदा, भाऊ. एवढ्यानेच मला कळायला हवं होतं. कॉम्प्रेसरचा आवाज बदलला की मला आत बसून कळतो, आणि तुमचा आवाज समोर बसून कळला नाही.

मी म्हटलं, “संतोष चिपळूणला आहे. त्याला यायला अडीच तास. करार आहे, भाऊ.”

एवढंच. मी फळ्याकडे बोट दाखवलं नाही. पण तुम्ही फळ्याकडे बघितलंत.

मग उठलात, हत्ती टेम्पोत चढवलात. मी एका बाजूने हात लावला. तुम्ही गाडी सुरू केलीत, आणि मी पुन्हा वहीत डोकं घातलं.

ती खोली माडीवर आहे हे मला ठाऊक होतं. त्यांची मालाची लिफ्ट आंब्याच्या क्रेटनी अडकलेली असेल हे मात्र ठाऊक नव्हतं. सत्तर किलोंचं यंत्र तुम्ही आणि तिथले वॉचमन, दोघांनी बावीस पायऱ्या चढवून नेलंत. हे मला नंतर कळलं, तुमच्या दहाव्याला ते वॉचमन आले तेव्हा. ते म्हणाले, “मधल्या वळणावर बसले होते थोडा वेळ. मला म्हणाले, थांब रे, तुझंही वय झालंय.” सांगताना ते हसले आणि मग चहा न घेताच उठले.

चारच्या सुमाराला तुमचा फोन आला. “झालं गो. सव्वीसवर आली खोली. रस चालू झाला.” आवाज चांगला होता. मी विचारलं, “बरं वाटतंय ना आता?” तुम्ही म्हणालात, “थंड हवेत बसलोय, मला काय धाड भरलीय?” या एका वाक्याला मी सतरा दिवस धरून बसले होते. तुम्ही ठीक होतात. तुम्हीच तसं म्हणालात. माझ्याकडे तो फोन आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही रोजच्यासारखे जेटीवर गेलात. लिलाव चालू होता. तुम्ही सुरमईचा भाव विचारलात आणि उत्तर यायच्या आत खाली बसलात. लोकांनी रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

तुमचा प्रशांत दुपारी मुंबईहून आला. तुमच्यासारखाच दिसतो हो, कपाळापासून थेट. डॉक्टरांनी त्याला विचारलं, वडिलांना आधी काही त्रास जाणवला होता का? त्याने वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, “नाय रे, काहीच नाय.” मग त्याने मला विचारलं. मीही म्हटलं, “नाही. माझ्यासमोर तरी नाही.” शब्द तोंडातून इतके सहज निघाले की मला माझीच भीती वाटली.

त्याच दिवशी सांगितलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं. पण दहाव्याला तो मला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे तुमच्या वडिलांची मासेमारीची जाळी वाळत टाकायची काठी अजून आहे.

“अपर्णाआत्या,” तो म्हणाला, “मी बाबांना मारलं.”

“काय बोलतोस हे?” मी म्हटलं.

“दोन दिवस आधी फोनवर भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, ही यंत्रं ओढत बसण्यापेक्षा धंदा विका आणि इकडे या. ते म्हणाले, मी कोणावर भार होणार नाही. मी म्हटलं, तुम्हाला फक्त तुमचा हेका माहीत. मग फोन आपटला. तो राग त्यांच्या डोक्यात बसला. आईला विचारलं, तुम्हाला विचारलं, त्यांना काहीच होत नव्हतं. मग दुसरं काय कारण?”

तेव्हा बोलायचं होतं, भाऊ. तोंडापर्यंत आलं होतं. पण आतून कोणीतरी त्याला पिंडासाठी हाक मारली, तो गेला, आणि मी त्या काठीला हात लावून उभी राहिले. माझ्या वाटणीचं ओझं मी तुमच्या मुलाच्या डोक्यावर जाऊ दिलं. सात दिवस. तो मुंबईला परत गेला ते ओझं घेऊन. जाताना मला वाकून नमस्कार केला त्याने.

काल दुपारी मी शेड बंद करून मिरकरवाड्यात आले. सुलभावहिनी एकट्याच होत्या. ओसरीवर बसून तुमचे सदरे दुमडत होत्या, कोणाला द्यायचे ते वेगळे करत. मी समोर बसले. पाणी घेतलं नाही.

“वहिनी, मला काहीतरी सांगायचंय. मग मला या घरात येऊ नको म्हणालात तरी चालेल.”

त्यांनी सदरा खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. बाक, दंड चोळणं, ‘आज नको’, माझं ‘करार आहे’. एक शब्द कमी केला नाही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, उंबऱ्याकडे बघत होत्या. बाहेर कोणीतरी बर्फ फोडत होतं, त्याचा आवाज येत होता.

मग त्या म्हणाल्या, “तुला पण म्हणाले?”

मला कळेना.

“मला वाटलं मला एकटीलाच म्हणाले.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “जेवताना म्हणाले, सुलू, आज जाऊसं वाटत नाय. छातीत भरल्यासारखं झालंय. मी म्हटलं, गॅस असेल. ओवा दिला. आणि म्हटलं, घरात पडून काय होणार, जा, जरा बाहेरचा वारा लागेल. माझ्या पापडांची घाई होती गो, मला घर मोकळं हवं होतं.”

घरातून निघून तुम्ही शेडवर आलात, म्हणजे एकदा नाही तर दोनदा विचारलंत. आणि दोनदा तुम्हाला जा म्हणून सांगितलं गेलं, तुमच्या सगळ्यात जवळच्या दोन बायकांकडून. इतक्या वर्षांत तुम्ही कधी काही मागितलं नाहीत, त्यामुळे तुम्ही मागताय हेच आम्हाला ओळखता आलं नाही.

मी त्यांना प्रशांतचं सांगितलं. तो काय समजून बसलाय ते. वहिनींना ते माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा असा उतरला, की तुम्ही गेलात त्या दिवशीही मी तसा पाहिला नव्हता.

“म्हणून फोनवर नीट बोलत नाय तो,” त्या म्हणाल्या. मग फोन घेऊन आल्या. “आत्ता लावते. तू बोल आधी, मग मी बोलते.”

“वहिनी, तुमचं नका सांगू. माझं सांगितलं की पुरे आहे.”

“नाय,” त्या म्हणाल्या. “आई खोटं बोलली हे त्याला आईकडूनच कळू दे.”

प्रशांत ऑफिसात होता. बाहेर येऊन बोलतो म्हणाला. मी सांगितलं. मग वहिनींनी सांगितलं, रडत, थांबत.

मग त्याने विचारलं, “जिन्यावर बाबा एकटेच होते?”

“नाही. वॉचमन होते सोबत. मध्ये बसले होते दोघं.”

“आणि मी भांडलो, त्याचं काही बोलले होते?”

वहिनींनी डोळे पुसले. “म्हणाले, पोरगा ओरडतो तेव्हा अगदी माझ्या बापासारखा वाटतो. आणि हसले.”

पलीकडे तो रडायला लागला. वहिनी म्हणतात, तुम्ही गेल्यापासून तो रडलाच नव्हता. थोड्या वेळाने म्हणाला, “आत्या, मला आत्ता तुमच्याशी बोलता येणार नाही,” आणि फोन ठेवला.

आज सकाळी त्याने वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, आवाज मोकळा होता. माझं नाव मात्र काढलं नाही. तो माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही, मला ठाऊक नाही. बोलला तर रागानेच बोलेल, आणि त्याला तो हक्क आहे. पण आता तो स्वतःशी भांडणार नाही, भाऊ. भांडायचं झालं तर माझ्याशी भांडेल. मी इथेच आहे.